दिवाणाचं पाणी

म्हैसूर
५ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

दिवाण आजारी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू वाचलं नाहीस तरी एवढं तुला कळलेलं असेल.

तो हॉलमधल्या काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीखाली बसून असतो. पाठीवरचा पर मिटलेला. सकाळी पाण्यावर येऊन तोंड उघडतो आणि मिटतो. दाणे टाकले की तोंडात घेतो आणि थुंकतो. डोक्यावरचा मांसाचा पेटा, तो म्हैसुरी फेट्यासारखा गोळा, मात्र तसाच लालभडक आहे. "दिवाणसाहेब आजारी पडले तरी पेटा उतरवत नाहीत," असं अव्वा म्हणाली. मला हसू आलं नाही.

मी शिकवते त्या शाळेतून भिंग आणलंय, मुख्याध्यापिकांना सांगून. मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके अंगावर नाहीत, म्हणजे तो रोग नसावा. काल शेपटीजवळ एक पांढरा दोरा लोंबताना दिसला. दोऱ्यासारखी एक कीड माशाच्या अंगात डोकं रुतवून बसते असं मी वाचलं होतं, म्हणून ओरडलेच. अव्वा गॅस बंद करून धावत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गोदे, बी.एस्सी. झालीस ना ग तू? ही त्याची शी आहे." ती शीच होती. डाव्या बाजूला एक गोल चपटा डाग होता. ती माशाची ऊ असेल असं धरून मी बराच वेळ टक लावून बसले. ऊ असती तर हलली असती. एक खवला तिरका झाला होता, एवढंच. काचेवर बारीक गोगलगायी आहेत, पण त्या तुझ्या वेळेपासून आहेत.

अप्पांचं म्हणणं वेगळं. गौरीच्या सणाला तुझा तो मित्र, तरुण, येलवालहून आला तेव्हा तुझ्या टाकीतली एक वनस्पती घेऊन आला होता. अप्पांनी ती काल मुळासकट उपटून कढीपत्त्याखाली टाकली. "बाहेरचं घरात आणलं की असंच होतं," म्हणाले. ते वनस्पतीबद्दलच बोलत होते असं मी धरते.

मी त्यांना दिलेला शब्द मोडून लिहितेय असं समजू नकोस. तू गेलास त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं: त्याला फोन नाही, मेसेज नाही. पत्राचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. पण तू येलवालला, इथून अर्ध्या तासावर राहतोस आणि तुला विचारायचा दुसरा मार्ग मला सापडत नाही. अप्पा चालवतात ती हुणसूरची बस रोज तुझ्या थांब्यावरून जाते. तू मागच्या गाडीनं जातोस हे रणोजीराव काकांनी सांगितलं. ते अजून अप्पांच्याच गाडीवर कंडक्टर आहेत.

हा कुठला रोग आहे? तू न बघतासुद्धा सांगशील. उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठव. लपवाछपवी माझ्याच्यानं होत नाही.

गोदा


८ ऑक्टोबर

अण्णा,

पत्र पोचलं की नाही कळत नाही, म्हणून परत लिहिते.

आता शेपटीत लाल शिरा दिसतात. तो तळाच्या खड्यांवर अंग घासतो, म्हणजे अंगावर काहीतरी आहे असं मला वाटलं. भिंगातून काही दिसत नाही. मार्केटजवळच्या दुकानदाराकडे गेले. मी लक्षणं पुरती सांगायच्या आधीच त्यानं निळ्या औषधाची बाटली पुढे केली. "एल्लाक्कू इदे, मेडम," म्हणाला, सगळ्याला हेच. सगळ्याला चालणारं औषध असेल यावर माझा विश्वास नव्हता, तरी आणलं आणि घातलं. टाकी शाईच्या दौतीसारखी दिसते आहे.

अव्वाला हळद घालायची होती. "माणसाला चालते, माशाला का नाही?"

"अव्वा, माणूस हळदीत राहत नाही."

"लग्नाला राहतो की. तू करून घे, म्हणजे कळेल."

अप्पा ड्यूटीवरून आले की खाकी शर्ट न काढता टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात. काल विचारलं, "काय झालंय त्याला?"

"बघतेय, अप्पा."

"रोजच बघतेस. एवढी शिकलीस ना? घरात सगळ्यांत पहिली तू."

ते लागावं म्हणून बोलले नाहीत. घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यासमोर येतो, डॉक्टरची चिठ्ठी, डेपोची नोटीस, बँकेचं काहीबाही, आणि मी वाचून सांगते. अप्पा सातवीपर्यंत, अव्वा सहीपुरती, तू शाळा अर्धवट सोडून माशांच्या मागे लागलेला. मला माहीत नाही हे उत्तर त्यांनी माझ्याकडून फारसं ऐकलेलं नाही. मला ते देताही येत नाही. भिंग घेऊन बसते, म्हणजे काहीतरी करतेय असं दिसतं.

मी एवढी मागे का लागलेय ते सांगते. तू गेल्यापासून अप्पा तुझं नाव घेत नाहीत. पण रोज सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी दिवाणाला दाणे तेच घालतात, आणि घालताना विचारतात, "काय रे, जेवलास का?" आवाज न चढवता, काचेला तोंड जवळ नेऊन. अव्वा आणि मी स्वयंपाकघरातून ऐकतो. ते कुणाला विचारतात हे आम्हा दोघींना माहीत आहे, आणि आम्ही त्याबद्दल एकमेकींशीही बोलत नाही. दिवाण मेला तर हा प्रश्न विचारायला अप्पांना घरात जागा राहणार नाही. तुला तो न्यायचा असता तर तू तेव्हाच नेला असतास. तू ठेवून गेलास.

काल शेजारी नव्या आलेल्या बाईंनी अव्वाला विचारलं, मुलगा कुठे असतो? अव्वा म्हणाली, "गच्चीवरचं घाण पाणी ओतलं म्हणून घर सोडून गेला." सगळ्यांना आम्ही हेच सांगतो. मीही सांगते. लोक हसतात. तूही जाताना दुसरं काही सांगितलं नाहीस. इथे मला काम जमणार नाही, एवढंच म्हणालास, आणि अप्पा ओरडले, "घाण पाण्यापायी बापाला सोडतोस?"

लवकर लिही. रोगाचं नाव लिहिलंस तरी पुरे.

गोदा


१० ऑक्टोबर

अण्णा,

कीड नाही. रोगही नाही. आज कळलं.

निळं औषध घालायच्या आधी मी टाकीतलं थोडं पाणी बाटलीत काढून ठेवलं होतं. कशासाठी ते तेव्हा माहीत नव्हतं. टाकून देण्याआधी थोडं ठेवायचं ही माझी सवय. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी पाणी तपासायचे थेंब दिले. परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. अमोनिया. त्याच्या स्वतःच्या घाणीचं आणि न खाल्लेल्या दाण्यांचं विष. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि तो त्यात भाजत होता. म्हणून वर येऊन तोंड उघडणं, म्हणून लाल शिरा, म्हणून अंग घासणं. मी भिंगातून त्याच्याकडे बघत राहिले. तपासायचं होतं पाणी.

आत्ताच का झालं ते शोधायला मी दसऱ्याच्या आयुधपूजेचे फोटो काढून बघितले. दरवर्षीसारखंच सगळं. अप्पांची मोटरसायकल, अव्वाचं शिलाई मशीन, मिक्सर, नारळाचा कोयता, माझा लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. ह्या वर्षी रांगेत शेवटी टाकीचा पंप होता. "तोही राबतोच की बिचारा," म्हणून अप्पांनी आदल्या दिवशी काढला होता. फोटोत त्याच्याशेजारी त्याचा स्पंज आहे, इडलीसारखा पांढरा. अप्पांनी तो नळाखाली लिंबू चोळून धुतला आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवला. मला ते दिसलं होतं. छान निघाला, असं मी म्हणालेही होते.

तो तपकिरी असायचा. तू टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात तो जेमतेम दाबायचास आणि तसाच परत बसवायचास. अव्वा चिडवायची, "घाण पाण्यात घाण धुतो, आणि वर घाणच ठेवतो." आज वाचलं की ती तपकिरी घाण जिवंत असते. ते विष तीच खाते. ती एकदा गेली की परत यायला काही आठवडे लागतात. त्यातून काही उरलं असेल तर ते माझ्या निळ्या औषधानं संपवलं असणार.

हे वाचत होते तेव्हा त्याच पानावर खाली हिरव्या पाण्याबद्दल लिहिलेलं होतं, आणि तिथे मी थांबले.

गेल्या वर्षीच्या आयुधपूजेला तू हुणसूरला गेला होतास. अप्पांनी गच्चीवरच्या तुझ्या सिमेंटच्या तोट्ट्यांतलं हिरवं पाणी ओतलं, त्या टाक्या ब्लीचिंग पावडर टाकून घासल्या, कुंकू लावून झेंडूची माळ बांधली. तुझं काम म्हणजे तुझं आयुध, त्याची पूजा नको? तू संध्याकाळी आलास तेव्हा आम्ही तिघंही गच्चीवर तुझ्या तोंडाकडे बघत उभे होतो, तू खूश होशील म्हणून.

आता कळतं की माशाची पिल्लं पापणीच्या केसाएवढी असतात, आणि त्या हिरव्या पाण्यातलं, डोळ्यांना न दिसणारं खाऊन वाढतात. त्या तोट्ट्यांत पिल्लं होती का, अण्णा? तू सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर अप्पांना कळलं असतं की त्यांनी काय केलं. त्यासाठीच सांगितलं नाहीस का?

निम्मं पाणी बदललंय. नळाचं पाणी बादल्यांत उघडं ठेवून मगच घालते. दाणे बंद केलेत. अप्पा सकाळी डबी हातात घेऊन उभे राहिले, आणि मी नको म्हटल्यावर डबी तशीच धरून राहिले. एवढ्यानं तो फार दिवस काढणार नाही. त्याला एक जुना, चालत्या टाकीतला, न धुतलेला स्पंज हवा. तो फक्त तुझ्याकडे आहे.

अप्पांना न सांगता मागवला तर ती लबाडी होईल. सांगायचं तर ह्या वर्षीचं आणि गेल्या वर्षीचं, दोन्ही सांगावं लागेल. एक सांगून दुसरं झाकता येणार नाही. कागद तसाच ठेवते आहे. अजून पाकीट बंद केलेलं नाही.


त्याच कागदावर, ११ ऑक्टोबर, सकाळी

अप्पांना सांगितलं.

आधी पत्रांचं सांगितलं. मग कालचं वरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांना कन्नड वाचता येतं, ही अक्षरं येत नाहीत, आणि त्यांच्यासमोर त्यांना न वाचता येणारं लिहीत बसणं म्हणजे दार लावून बोलण्यासारखं होतं. ते ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. वाचत मी तोट्ट्यांपाशी आले तेव्हा शर्टाच्या बटणावरचा त्यांचा हात थांबला.

"दिसत नव्हती?"

"नाही, अप्पा. पापणीच्या केसाएवढी असतात."

"मी चष्मा घातला नव्हता."

"घातला असता तरी दिसली नसती."

त्यांनी ते बटण लावलं. मग म्हणाले, "ब्लीचिंग मी डेपोतून मागून आणलं होतं. चांगलं होतं."

अव्वा मधे पडली. "सुम्ने, गप बसा हो. चांगलं करायला गेलात, त्यात काय?"

"तू गप," म्हणाले, पण हळू.

मी पाकिटावर तिकीट लावत होते. ते म्हणाले, "टपालानं नको. टपाल चार दिवस लावतं. मी जातोच त्या रस्त्यानं."

"तुम्ही देणार?"

"रणोजी देईल. थांब्यावरच्या हॉटेलात ठेवेल. तिथे चहाला येतो तो."

हे त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

"तुमच्याकडून काही लिहू?"

"काही लिहू नको." बूट घालून झाल्यावर दारात उभे राहिले. "लिही की सकाळी वर येऊन तोंड उघडतो. दाणे थुंकतो."

"ते पहिल्याच पत्रात लिहिलंय, अप्पा."

"परत लिही."

सकाळी वर येऊन तोंड उघडतो. दाणे थुंकतो.

गोदा


२४ ऑक्टोबर

अण्णा,

तू थांब्यावर आलास त्या संध्याकाळची तुझी बाजू तुला माहीत आहे. गाडीतली मी लिहिते. रणोजीराव काकांनी सांगितली, म्हणजे मीठ-मसाला धरून चाल.

"हुणसूरहून येताना येलवालला तुझा अण्णा उभा," काका म्हणाले. "दाराशी येईल म्हणून मी पायरी मोकळी केली, दोन बायकांना आत ढकललं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि हा गेला सरळ ड्रायव्हरच्या खिडकीकडे! हातात पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं कवर, आत गटारातनं काढल्यासारखं कायतरी. म्हटलं, आता बापाच्या तोंडावर फेकतोय की काय. तर वर धरलं आणि म्हणाला, 'अप्पा, धुवू नका.' तुझा बाप संताजी म्हणाला, 'सरि.' बरं, एवढंच! झालं! वर्षभराचं भांडण, एवढ्यात आटोपलं. मग मी शिटी मारली. नाहीतर दोघं तसेच राहिले असते, आणि मागे लॉरीवाला हॉर्न देत होता."

अप्पांनी कवर आधी इंजिनाच्या झाकणावर ठेवलं. मग हात लावून बघितला, झाकण तापलेलं होतं. तेव्हा समोर चामुंडीच्या फोटोला हार घालायचा हूक आहे, त्याला अडकवलं. तिथून म्हैसूरपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक हंपवर गाडी इतकी हळू की मागून एक तंबाखूचा व्यापारी ओरडला, "ड्रायव्हररे, मदुवे दिब्बणाना?" लग्नाची वरात चाललीय का, म्हणून. गाडीभर हसले. अप्पा म्हणाले, "पाणी आहे." कवर ठिबकत होतं. जी फरशी ते सकाळी स्वतः पुसतात तिच्यावर तपकिरी ओघळ स्टँडपर्यंत आला, असं काका म्हणतात.

घरी आले ते पाय न धुता आत आले. अव्वा हातात तांब्या घेऊन दारातच राहिली. हे तिनं लग्न झाल्यापासून कधी बघितलेलं नाही. त्यांनी खाकी बाही वर न करताच हात टाकीत घातला. पांढरा स्पंज मी काढला, तुझा त्यांनी बसवला. बसवताना दोन बोटांनी धरला होता, ओली चपाती उचलावी तसा.

दिवाण लगेच बरा झाला नाही. दोन दिवस मला वाटत होतं की उशीर झाला. मग एका सकाळी तो कोपरा सोडून मधे आला. थेंबांचा हिरवा रंग उतरत गेला. शेपटीतल्या शिरा गेल्या. मग परांच्या कडा काळ्या पडायला लागल्या आणि मी परत भिंग काढलं. काळ्या कडांचा कुठला रोग ते शोधत बसले होते तेवढ्यात तुझा मित्र तरुण आला. तो म्हणाला, भाजलेली जागा भरून येताना काळी पडते, रोग नाही, जाईल हळूहळू. माझा विश्वास बसत नव्हता तेव्हा त्यानं माझ्या हातातून भिंग काढून घेतलं आणि खिडकीत ठेवलं. तुला माझी पहिली दोन पत्रं आणि अप्पांच्या गाडीनं आलेलं तिसरं एकाच दिवशी मिळाली, आणि तू तिसरं आधी वाचलंस, हेही त्यानंच सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. मी विचारलं होतं. पिल्लांचं उत्तर तुला द्यायचं नसेल तर देऊ नकोस. अप्पांनी ते मला परत विचारलेलं नाही. पण ते गच्चीवर जाऊन तोट्ट्यांत बघून आले. कोरड्या आहेत. आता त्यांनी त्या पावसाच्या पाण्याखाली सरकवून ठेवल्यात आणि अव्वाला सांगितलंय, शेवाळ धरलं तर हात लावायचा नाही.

दिवाळीत शेजारच्या बाई फराळ घेऊन आल्या. त्यांना ते पाण्याचं आठवत होतं, परत विचारत होत्या. अव्वा म्हणाली, "येलवालला असतो. मासे वाढवतो." आणि त्यांच्या ताटलीत चकल्या घातल्या.

दाणे सुरू केलेत, थोडेच. परवा सकाळी अप्पांनी दाणे घातले, "काय रे, जेवलास का?" विचारलं, आणि मग स्वयंपाकघराकडे वळून मला म्हणाले, "त्या थांब्यावरच्या हॉटेलात जेवण बरं मिळतं का?"

"माहीत नाही, अप्पा."

"विचार मग."

"कसं विचारू?"

"कसं म्हणजे? फोन नाही तुझ्याकडे?"

"तुम्ही नको म्हणाला होता."

"म्हणून काय पत्र लिहीत बसणार? टपाल चार दिवस लावतं."

म्हणजे आता मी फोन करू शकते. शब्द मोडल्यासारखं होत नाही ना, म्हणून त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा ते चिडले. तरी हे एवढं लिहून पाठवते. फोनवर मी जेवणाचं विचारेन आणि हे राहून जाईल.

रणोजीराव काका सांगतात, हल्ली येलवालला कुणी चढणारं-उतरणारं नसलं तरी गाडी थांबते. काका शिटी देत नाहीत. अप्पाच थांबवतात, बाजूच्या आरशात बघतात आणि निघतात. तुला चढायचं नसेल तर चढू नकोस. पण थांब्यावर असलास तर त्या चिंचेच्या झाडामागे उभा राहू नकोस. तिथला माणूस आरशात येत नाही.

गोदा